बॅटरीतलं पाणी

"मामी, हॉर्न वाजल्याशिवाय मी तुम्हाला गाडीवर घेणार नाही," रमाकांत म्हणाला, आणि मागच्या पडवीत मोटरसायकलचं बाजूचं झाकण उघडून बसला.

"आवं पावणं, हार्न कशाला पायजे?" माझी आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "स्टँड हितं तर हाय. म्या जाईन की चालत."

"ट्रंक डोक्यावर घेऊन?"

"मग काय झालं? जल्मभर काय मोटारीतनं हिंडली व्हय म्या?"

मे महिन्यातला रविवार होता. पोरं सुट्टीला त्यांच्या आत्याकडे गेली होती, त्यामुळे घर शांत होतं आणि नवऱ्याला काहीतरी उघडून बसायला मोकळं रान मिळालं होतं. रमाकांत दूध संघात हिशेबनीस होता. दिवसभर खुर्चीत बसून आकडेमोड करायची आणि घरी आलं की पाना शोधायचा, हा त्याचा क्रम. मिक्सर, शेगडी, नळ, शेजाऱ्यांचा पंखा, त्याला काहीही चालायचं. गाडी मेकॅनिककडे नेणं हा तो स्वतःचा अपमान समजायचा. त्यानं उघडलेल्या वस्तू बहुतेक वेळा पुन्हा चालू व्हायच्या, हे मी बायको असूनही कबूल करते. एखाददुसरा स्क्रू उरायचा, तो त्याच्या खिशात जायचा आणि मला धुण्यात सापडायचा. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते; इथं तो ऐकायला नाही, म्हणून जरा मोकळेपणानं लिहिते.

आई त्याला 'पावणं' म्हणायची. आमच्याकडे जावई म्हणजे जन्माचा पाहुणा. गंमत अशी की त्या घरात पाहुणी होती ती आणि घरचा होता तो.

थंडीत ती गावी गोठ्यात घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. माझे वडील, आप्पा, जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. मला भाऊ नाही, बहीण नाही. मी तिला जवळजवळ उचलूनच इथं आणली. "हात बरा हुईस्तवर," असं तिनं एसटीत बसतानाच माझ्याकडून कबूल करून घेतलं. प्लास्टर निघालं, हात वळायला लागला, आणि आता सोमवारच्या पहिल्या गाडीनं ती निघाली होती. त्या हातानं अजून भरलेली कळशी उचलायची नाही. गावच्या घरी पाणी आडाचं, रहाटाला दोर, आणि हाक मारली तर ऐकायला कोणी नाही. ती जाऊ नये असं मला फार वाटत होतं. रात्री झोपताना तेच, सकाळी उठताना तेच.

पण इतके महिने राहूनही ती राहिल्यासारखी राहिली नव्हती. कपाटात मी तिला एक कप्पा करून दिला होता, त्यात तिनं एक लुगडंसुद्धा ठेवलं नाही. सगळं ट्रंकेत, आणि ट्रंकेला कुलूप. पंख्याचं बटण दाबायच्या आधी विचारायची, चहात साखर जास्त घालू का म्हणून विचारायची. रमाकांत घरात आला की पदर सावरून आत जायची. कधी तक्रार नाही, कधी हट्ट नाही. एवढी गुणी पाहुणी मी दुसरी पाहिली नाही, आणि ती माझी आई होती.

"रत्ना, इकडं ये, बघून ठेव," पडवीतून हाक आली.

मी गेले. त्यानं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर दहाचा पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि जुना टूथब्रश मांडला होता. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरट हिरवी बुरशी धरली होती.

"हे कशाचं?" मी विचारलं.

"ॲसिडचं. हात लावू नकोस. हे बघ, आधी काळी वायर काढायची, वजा. मग लाल. उलटं केलं आणि पाना चुकून गाडीच्या सांगाड्याला टेकला, की ठिणगी."

"मी कधी बॅटरी काढणारे?"

"शिकून ठेवायला काय जातं?"

त्यानं काळी वायर सोडवली, मग लाल. रबरी पट्टा काढला, बारीक नळी बाजूला केली आणि बॅटरी दोन्ही हातांनी अलगद उचलून कागदावर ठेवली. वरची सहा बुचं एकेक करून उघडली आणि डोळा लावून आत बघितलं.

"कोरडीठाक. पाणीच नाही. पाणी घालून बघू, उठली तर उठली."

पडवीत एक फळी होती. तिच्यावर रंगाचे डबे, सुतळी, खिळ्यांची बरणी असला त्याचा संसार. डब्यांच्या मागं हात घालून त्यानं एक प्लॅस्टिकची बाटली काढली. डिस्टिल्ड वॉटरची, बॅटरीत घालतात ती. वरचं लेबल ओलं होऊन फाटलं होतं, पण अक्षरं वाचता येत होती.

"बघ, अर्धी शिल्लक होती! मला वाटलं संपली," तो खूश होऊन म्हणाला.

नरसाळं लावून त्यानं सहाही घरांत पाणी घातलं. एका-दोन घरांत जास्त झालं आणि वर आलं. उरलेल्या पाण्यानं टूथब्रशनं बुरशी घासून काढली, आणि शेवटचं हातांवर ओतून घेतलं. रिकामी बाटली कचऱ्याच्या बादलीत टाकली. मग बॅटरी जागेवर बसवून थोडा वेळ किकवर गाडी चालू ठेवली आणि बंद करून हॉर्न दाबला. गाडीनं एखाद्या म्हाताऱ्या बोकडासारखा आवाज काढला आणि ती गप्प झाली.

"गेली," तो म्हणाला. "नवीच आणायला पाहिजे. दुपारपर्यंतच दुकान उघडं असतं."

तो सायकल काढायला लागला तशी मी फाटकापर्यंत मागं गेले.

"अहो, नका ना आणू."

"काय?"

"मिळाली नाही म्हणून सांगा. एवढा एक आठवडा. तुम्ही गाडीवर सोडणार म्हटल्यावर ती दुसऱ्या कुणाबरोबर जाणार नाही, आणि चालत मी जाऊ देणार नाही."

त्यानं सायकल थांबवली. "आणि पुढच्या आठवड्यात काय सांगू? टायर फुटला?"

"सांगा."

"रत्ना, त्यांचं मन नाही इथं. मलाही त्या राहाव्यात असं वाटतं, तुला काय वाटलं? पण मी कोण थांबवणार? मी समोर आलो की त्या आत जातात."

असं म्हणून तो गेला. त्यालाही वाईट वाटत होतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि त्यानं माझा धीर आणखीच खचला.

आई स्वयंपाकघरात बेसन भाजत होती. नातवंडं परत आली की त्यांना लाडू असावेत म्हणून. डाव्या हातानं उलथणं फिरवत होती.

"दे इकडं," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. करपीवशील."

मी तिच्याजवळ खाली बसले. "आई, पावसाळा तरी होऊ दे. मग जा."

"पावसाळा झाला की दसरा, मग दिवाळी, मग सक्रात. म्या काय हितं मराय आलीया?"

"मेलीस तर मेलीस. इथंच मर."

"गप गं!" तिनं उलथणं कढईवर आपटलं. "काय बी बोलतीस. जावयाच्या दारातनं मढं निघाय नगं. कुठल्या बाईचं निघालंय? लोक श्याण घालतील तोंडात. तुझ्या बी आन् माझ्या बी."

"कोण लोक? इथं तुला ओळखतं कोण?"

"म्या वळखती न्हवं मला."

बेसनाचा खमंग वास सुटला होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते धुरानं आलं असं दाखवून मी उठले.

तासाभरानं रमाकांत नवी बॅटरी घेऊन आला. दुकानातूनच ॲसिड भरून, चार्ज करून आणली होती. पिशवीत ती सरळ उभी राहावी म्हणून त्यानं पिशवी एका हातात धरून एका हातानं सायकल चालवली होती, आणि त्याचं त्याला फार कौतुक वाटत होतं. जुनी बॅटरी संध्याकाळी परत द्यायची बोली होती. मी गरम पाण्यात खायचा सोडा कालवून दिला, त्यानं वायरींची टोकं पुन्हा चकचकीत घासली, जुनी बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि नवी तिच्या जागी बसवली.

"आता उलटा क्रम. आधी लाल, मग काळी," तो म्हणाला. "आणि वरून व्हॅसलिन. म्हणजे पुन्हा बुरशी धरत नाही."

तेवढ्यात आई पडवीत आली. आमच्याकडे न बघता सरळ फळीपाशी गेली आणि रंगाच्या डब्यांमागं हात घातला. इकडं चाचपलं, तिकडं चाचपलं. दोन डबे पुढं सरकवून मागं बघितलं. मग तिची नजर बादलीकडं गेली.

"पावणं," ती म्हणाली, "ह्या बाटलीत पाणी हुतं."

"हो मामी, बॅटरीचं पाणी. सकाळी जुन्या बॅटरीत घातलं. बाटली पाहिजे का तुम्हाला? घ्या की. स्वच्छ आहे."

आईनं बाटली बादलीतून काढली. उजेडाकडं धरून बघितली. बूच शोधून लावलं.

"बरं," म्हणाली, आणि आत गेली.

रमाकांत पुन्हा पाना फिरवायला लागला. त्याला काही वाटलं नाही. मी मात्र आईचा चेहरा बघितला होता. मी तिच्यामागं आत गेले. खोलीत तिनं ट्रंक उघडली होती आणि ती रिकामी बाटली लुगड्यांच्या घडीवर आडवी ठेवत होती.

"रिकामी बाटली कशाला नेतेस गं?"

"असूं दे."

"आई, काय होतं त्यात?"

"काय न्हाई."

"माझ्याकडं बघून सांग."

ती बघेना. ट्रंकेचं झाकण लावून त्यावर बसली. मग म्हणाली, "तुजा बा काशीला गेलता तवाची गंगा हुती ती."

मला ती माहीत होती. आमच्या गावच्या घरी देवापुढं तांब्याचा गडू असायचा, तोंडाला डाग देऊन बंद केलेला. आप्पांनी तो काशीहून छातीशी धरून आणला होता असं आई सांगायची. आप्पा गेले तेव्हा तो फोडून चमचाभर पाणी त्यांच्या तोंडात घातलं होतं. मीही तिथं होते. उरलेलं आईनं पुन्हा डाग देऊन ठेवलं, स्वतःसाठी.

"पर त्यो डाग नीट बसलाच न्हाई," आई सांगत होती. "हितं आल्यावर गडू पाझराय लागला. ट्रंकंत समदी वल. म्हनून म्या बाटलीत काढून ठिवली. ती रिकामी बाटली पावण्यांनी कचऱ्यात टाकलीवती. पाण्याचीच बाटली, म्हटलं सोच्छ असंल. चांगली उकळत्या पाण्यानं धुतली."

"अगं, पण मग ती पडवीत कशाला ठेवलीस? देवघरात ठेवायची!"

आईनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच वेडी. "तुमचं देवघर तुमच्या देवाचं. त्यात आमच्या घरचं कसं नेऊन ठिवायचं? इचारल्याबिगर? ट्रंकंत आडवी झाली तर सांडंल. तितं डब्यामागं कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

"मला सांगायचंस."

"त्यात काय सांगायचं? चार दिसांचा तर सवाल हुता."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी उठून पडवीत गेले. रमाकांत टोकांवर बोटानं व्हॅसलिन लावत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं व्हॅसलिनची डबी खाली ठेवली.

"सगळं गेलं?"

"सगळं."

"मी हात धुतले त्यानं," तो म्हणाला, आणि स्वतःच्या तळहातांकडं बघत राहिला.

मग तो हात पुसून आत गेला. खोलीच्या दाराशी थांबला, कारण आईच्या खोलीत तो कधी जात नसे. आई लगबगीनं ट्रंकेवरून उठली, पदर सावरला.

"मामी, माझी चूक झाली. बघायला पाहिजे होतं मी."

"न्हाई, न्हाई पावणं. तुमचा काय दोष? बाटलीवर लिवलंयच तसं." तिचा आवाज अगदी मऊ होता, रोजच्यासारखा. "माजंच चुकलं. दुसऱ्याच्या घरात कुठं काय ठिवावं, कळलं न्हाई मला. तुमी जीवाला लावून घिऊ नगा. जेवान झालंय, वाढू का?"

दुसऱ्याच्या घरात. त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं, असं रमाकांतच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तो पडवीत गेला. मला वाटलं, संपलं. आता ही उद्या जाणार आणि पुन्हा या घराची पायरी चढणार नाही.

मी पानं वाढायला घेतली. पाठमोरी होते, म्हणून तो कधी आत आला ते कळलं नाही. आमचं देवघर स्वयंपाकघरातच, कोपऱ्यातली एक लाकडी फळी. वर लाल कापड, त्यावर खंडोबाचा टाक, बाळकृष्ण, गणपती, शंख, घंटा. पातेलं ठेवून वळले तर रमाकांत देवांना हातानं एका बाजूला सारत होता, आणि त्याच्या काखेत जुनी बॅटरी होती.

"अहो, काय करताय?"

"हिच्यात गंगा आहे," तो म्हणाला. "मामींची. मी ही दुकानात देणार नाही. कुठंच देणार नाही."

आणि त्यानं ती बॅटरी बाळकृष्णाशेजारी ठेवली. नीट, सरळ, दोन्ही टोकं पुढं करून. एक पाऊल मागं सरकला आणि हात जोडले. मस्करी नव्हती हो. कपाळावर घाम, हाताला काळं, आणि डोळे अक्षरशः भरून आलेले. त्याला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

आई दारात आली. तिनं देवघराकडं बघितलं. पुन्हा बघितलं.

"आरं ये! आक्कल हाय का तुला?"

आम्ही दोघंही दचकलो. एवढा मोठा आवाज त्या घरात तिनं कधी काढलाच नव्हता.

"काढ! काढ म्हंती न्हवं ते! देवाच्या म्होरं ती घान नेऊन ठिवतूस? ॲसिट हाय त्यात! आन् बिनआंगुळीचा देवास्नी हात लावलास! सकाळधरनं त्या गाडीखाली लोळतूयास, आंगाला तेल, हाताला काळं, आन् तसाच शिवलास व्हय रं? तुज्या आईनं ह्येच शिकिवलं का तुला?"

"मामी, मला वाटलं गंगा..."

"गंगा गेली खड्ड्यात! बाटलीतलं पानी वतायच्या आदी वास तरी घ्यायचा! त्यात तुळशीचं पान हुतं. डोळं काय गहान ठिवलंवतं का? पान नरसाळ्यात आलं आसंल की!"

रमाकांतला आठवलं. "काहीतरी काळं आलं होतं," तो पुटपुटला. "मी कचरा समजून फेकलं."

"कचरा!" आईनं कपाळाला हात लावला. आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं. "म्या आल्याधरनं बघतीया. वला टावेल हातरुणावर टाकतूस. जेवताना पेपर वाचतूस, ताटात काय पडलंय ह्येची शुद्ध न्हाई. माजी लेक तापानं फणफणलीवती, तवा तू मिक्सर उघडून बसलावतास! आन् ही एक बया," ती माझ्याकडं वळली, "हिला आमटीत मीठ घालाय येत न्हाई, आन् ही मला म्हंती हितं ऱ्हा! काय खाऊन ऱ्हाऊ?"

"आई, आळणी असतं तर बोलायचंस ना," मी म्हटलं.

"तू गप! आन् तू रं, उबा काय ऱ्हायलाईस? आता म्या मरताना माज्या तोंडात काय घालनार हाईस? ही बॅटरी?"

रमाकांत मान खाली घालून उभा होता. तसाच म्हणाला, "मग मामी, इतक्यात मरू नका."

आईनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पुढं झाले, तर ती हसत होती. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, आणि ती तिथंच चुलीशेजारी फतकल मारून बसली. मलाही हसू आवरेना. रमाकांतला हसावं की नाही ते कळत नव्हतं, म्हणून तो बॅटरी उचलून छातीशी धरून उभा राहिला.

"ठिव ती भायेर," आई डोळे पुसत म्हणाली. "दे त्या दुकानदाराला. गंगा काय कुठं जाती व्हय? आन् आंगुळ करून ये आदी."

बॅटरी उचलल्यावर दिसलं, लाल कापडावर ओला डाग पडला होता. सकाळी जास्तीचं भरलेलं पाणी वरून पाझरलं होतं. आईनं कापड ओढलं तर ते डागाच्या जागी विरून तिच्या बोटांत आलं.

"बघ, जाळलं! समदं घासाय पायजे आता. सोडा आन. चिच भिजत घाल. दुसरं कापड हाय का कुठलं?"

तिनं पदर खोचला, एकेक देव खाली उतरवला. फळी सोड्याच्या पाण्यानं धुतली, पुन्हा साध्या पाण्यानं धुतली. मी चिंच आणून दिली, तर "एवढ्यानं काय हुतंय" म्हणून अजून मागितली. जेवणं तशीच राहिली. रमाकांत आंघोळ करून आला, तर त्याच्यापुढं घंटा आणि समई सरकवून म्हणाली, "घास." तो पाट ओढून घासायला बसला. तो बसलेला असताना आई आत गेली नाही. त्याच्यासमोरच पाय पसरून बसली आणि त्याच्या घासण्याला नावं ठेवत राहिली. "जोर न्हाई का हातात? पाना बरा फिरतूय."

उन्हं कलली तेव्हा सगळे देव फळीवर परत गेले. नवं पिवळं कापड, वर ओळीनं सगळे. एवढे लख्ख ते माझ्या लग्नानंतर कधी झाले नव्हते. मी आईकडं बघितलं. उद्याच्या गाडीचं विचारायची माझी हिंमत होत नव्हती.

ती उठून खोलीत गेली. कुलूप उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात जुन्या खणाची एक पुरचुंडी होती.

"ह्ये काय?" मी विचारलं.

"आमचं देव," ती म्हणाली. "घराला कुलूप लावलं. कुनाच्या हवाली करू? अंबाबाई हाय, जोतिबा हाय. रोज पाटं, तुमी उठायच्या आदी, ट्रंक उघडून तितंच हळदकुकू लावती."

इतके महिने. आमच्या घरात, भिंतीपलीकडं, ट्रंकेपुढं बसून. आमच्याकडे दोन घराण्यांचे देव एका देवघरात नसतात. लेकीचे देव सासरचे, आईचे देव मुलाकडे जायचे. आणि तिला मुलगा नव्हता.

आई देवघरापुढं उभी राहिली. दुपारपासून अंगात आलेलं सगळं बळ ओसरल्यासारखं तिनं हळूच विचारलं, "तुमच्या देवास्नी चालंल का?"

विचारलं होतं ते मला नव्हे. रमाकांत पाटावरून उठला. त्यानं खंडोबाचा टाक उचलून डावीकडं सरकवला, बाळकृष्ण आणखी पलीकडं नेला, आणि फळीवर मधोमध बरीच जागा केली.

"मामी, मघाशी बॅटरी चालवून घेतली त्यांनी," तो म्हणाला. "अंबाबाई नाही चालणार?"

आईनं पुरचुंडीची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, तिच्या बोटांनी सुटेना. थोडा वेळ तिनं खटपट केली आणि मग पुरचुंडी त्याच्यापुढं धरली.

"सोड," म्हणाली.